तीनशे अंडी आणि एक शहाणा डबा

इंजिनाला पोट असावं, फुप्फुसं असावीत, पण डोकं असू नये, असं माझं चाळीस वर्षं ठाम मत होतं. डोकं मिस्त्रीला असतं, तेवढं पुरे. ऊस वाहणाऱ्या लॉऱ्यांची इंजिनं मी या हातांनी उघडली आणि पुन्हा बसवली, पण त्यातल्या एकानेही माझ्याशी कधी मतभेद दाखवला नाही. म्हणून १९८६ साली, निवृत्त झाल्यावर, मी डोकं असलेलं इंजिन विकत घेऊन घरी आणलं तेव्हा मॉरिशसमधल्या आमच्या मोंतान्य ब्लांश गावातल्या लोकांना माझं काही समजेना. मलाही फारसं समजत नव्हतं, पण मी तसं दाखवलं नाही.

इंजिन आणायला कारण होतं. माझी बायको चंद्रकला हिने अंगणातल्या खोलीत अंडी उबवायचं कपाट मांडलं होतं. लाकडी कपाट, आत विजेचा हीटर, एक लहान पंखा आणि तीनशे अंड्यांची जागा. एकवीस दिवस आतली ऊब सारखी राहिली की पिल्लं बाहेर येतात. त्या जानेवारीत वादळ झालं, वीज तीन दिवस गेली आणि अठराव्या दिवशी अख्खं कपाट थंड पडलं. चंद्रकलाने लिचीच्या झाडामागे खड्डा केला आणि सगळी अंडी पुरली. रडली नाही. रात्री डाळ वाढताना एवढंच म्हणाली, "अजून एकदा लावीन. परत असं झालं तर कपाट विकून टाकीन."

ती रडली असती तर मी समजूत काढली असती. न रडणाऱ्या बाईपुढे नवऱ्याला काहीतरी करून दाखवावंच लागतं. शिवाय तिने महिला मंडळातल्या अकरा जणींना पिल्लांचा शब्द दिला होता, आणि त्या अकरा घरांतल्या अकरा नवऱ्यांनी खुराडी बांधून ठेवली होती. रिकामं खुराडं दारात असलं की माणूस येताजाता विचारतो. मला दिवसातून अकरा वेळा विचारलं जाई. मी इंजिन घ्यायचं ठरवलं. वीज गेली तर आपली वीज आपण करायची.

समुद्रकाठच्या एका हॉटेलाने मोठं इंजिन बसवलं होतं आणि धाकटं काढून टाकायचं होतं. तिथला वीजमिस्त्री यशपाल मला ते दाखवायला घेऊन गेला. पोरगा तिशीचा, शर्टाच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर लावलेला. मी इंजिनाभोवती एक फेरी मारली. सिलिंडर ठीक, पंप ठीक, तेलाचा रंग ठीक. मग मी विचारलं की याचा गव्हर्नर कुठे आहे.

ज्यांनी डिझेल इंजिन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. या इंजिनाला स्वतःचा आवर नसतो. तेल जास्त दिलं की ते जास्त पळतं, आणि पळता पळता त्याच्यावरचं ओझं अचानक काढून घेतलं तर स्वतःचे तुकडे होईपर्यंत पळतं. म्हणून वेग किती आणि तेल किती, हे कुणाला तरी सतत बघावं लागतं; त्या बघणाऱ्याचं नाव गव्हर्नर. माझ्या काळात हे काम दोन लोखंडी गोळे करायचे. इंजिनाबरोबर गरगर फिरायचे. वेग वाढला की बाहेर फाकायचे आणि तेलाची दांडी मागे घ्यायचे, वेग पडला की आत येऊन दांडी पुढे सारायचे. डोळ्यांना दिसणारं, अधूनमधून ग्रीस मागणारं प्रामाणिक काम.

यशपालने मला गोळ्यांऐवजी एक काळा डबा दाखवला. विटेएवढा. त्याला बटण नाही, काटा नाही, झाकण उघडायची सोय नाही. त्यातून दोन वायरी निघाल्या होत्या. एक वायर इंजिनाच्या मोठ्या चाकापाशी बसवलेल्या बोटभर खिळ्याकडे गेली होती. चाकाचा एकेक दाता समोरून गेला की खिळा डब्याला कळवतो. डबा दाते मोजतो, मिनिटाला बरोबर दीड हजार फेरे होत आहेत का ते ठरवतो आणि दुसऱ्या वायरीने एका विजेवर हलणाऱ्या दांडीला हुकूम देतो, की तेल जरा वाढव, जरा कमी कर. "आणि डब्याला काही कळेनासं झालं, टोंटों," यशपाल म्हणाला, "तर तो तेल तोडतो. इंजिन बंद." आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला टोंटों म्हणतात, आणि समजावून सांगताना जरा जास्तच म्हणतात.

काही कळेनासं झालं की गप्प बसतो, हा गुण मी माणसांत फारसा पाहिलेला नव्हता. मी इंजिन घेतलं.

ते घरी आणून, अंगणात टिनाची शेड बांधून, सिमेंटच्या ओट्यावर बसवेपर्यंत ऑगस्ट उजाडला. नवं यंत्र पूजेशिवाय चालू करायची आमच्यात पद्धत नाही. पूजा करायला सत्यदेव गुरुजी आले. हे मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी मराठीचा वर्ग घेतात. पन्नाशीला त्यांनीच मला अक्षरं शिकवली, त्यामुळे ते जे करतील त्याला मी मान डोलावतो. त्यांनी सिलिंडरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, फुलं वाहिली, लाल नाडा बांधला आणि माझ्याकडे बघून म्हणाले की चालव.

शेजारचा हरिलाल, बसचा निवृत्त कंडक्टर, दहा माणसं घेऊन कुंपणाशी उभा होता. त्याला रिकामी जागा दिसली की माणसं भरायची सवय आहे. मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि दोन बल्ब लागले. टाळ्या झाल्या. मग चंद्रकलाने हीटरचं बटण दाबलं. इंजिन कण्हलं, बल्ब पिकल्या केळ्यासारखे पिवळे झाले, आणि सगळं बंद पडलं. हीटर काढला, पुन्हा सुरू केलं, बल्ब लख्ख. हीटर लावला, पिवळे, बंद. असं चार वेळा झालं.

"भैया," हरिलाल कुंपणावरून म्हणाला, "दोन बल्बांचं इंजिन मात्र फर्स्ट क्लास आहे."

त्या दिवसापासून गावात मी दोन बल्बांचा तुलसीराम झालो. आधी मी नुसता तुलसीराम होतो, आणि ते मला पुरत होतं.

यानंतर सल्ले सुरू झाले. हरिलालचं म्हणणं पडलं की डबा समुद्रकाठच्या उबेत वाढलेला आहे, आमच्याकडच्या डोंगराच्या गारव्याने तो आखडला असणार, त्याला घोंगडी गुंडाळा. गुंडाळली. दुकानदार म्हणाला की डिझेल गाळून घ्या. तीन पदरी धोतरातून गाळलं. आणि एक जण म्हणाला की इंजिनाचं तोंड दक्षिणेला आहे, ते पूर्वेला हवं. आता मी काही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. पण उद्या कुणी म्हणायला नको की तेवढं केलं असतं तर चाललं असतं. चौघांनी अर्धा दिवस घालवून इंजिन पूर्वेला फिरवलं. पूर्वेला तोंड करूनही ते दोनच बल्ब लावायचं.

मी निष्कर्षाला आलो की दोष डब्यात आहे. लोखंडात दोष असता तर मला दिसला असता. जे मला दिसत नाही तिथेच दोष असणार, हे उघड होतं. यशपालला विचारा, असं चंद्रकला दोनदा म्हणाली. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाने स्क्रूड्रायव्हर खिशाला लावणाऱ्या पोराला विचारायचं, हे मला पटलं नाही. मी डबा काढला आणि कापसाने पुसला, तरी तो उघडेना. कडेला छिन्नी लावून मी त्याची एक बाजू काढली. आत डांबरासारखा काळा थर गच्च भरलेला. मला वाटलं की हॉटेलवाल्यांनी निष्काळजीपणाने आत ग्रीस साचू दिलं आहे. ग्रीस काढायचं तर आधी पातळ करावं लागतं. चंद्रकला मंडळात गेली होती. मी तिची चांगली कढई घेतली, डबा तिच्यात ठेवला आणि खाली रॉकेलचा स्टोव्ह पेटवला.

तो थर ग्रीसचा नव्हता. आतल्या बारीक वस्तूंना धक्का लागू नये, दमट हवा लागू नये, म्हणून कारखान्यातच ओतलेला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की तो पातळ होत नाही, जळतो, आणि त्याचा वास तीन घरांपर्यंत जातो. हरिलालने कुंपणावरून विचारलं की काय शिजतंय. मी वांगं म्हणालो. चंद्रकला परत आली, तिने कढईत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कढई धुवायला न घेता तशीच खिडकीत ठेवून दिली. तीन आठवडे ती तिथे होती.

इंजिनावरच्या पाटीवरचा पत्ता बघून मी मागवलेला नवा डबा विलायतेहून पोर्ट लुईला पार्सलने आला. तो सोडवायला मी सकाळच्या बसने निघालो. बंदराजवळच्या कस्टमच्या कचेरीत एक गोरटेला कारकून बसला होता. त्याने खोका उघडला, डबा हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं की हा काय करतो. मी खरं बोलणारा माणूस आहे. मी म्हणालो, हा विचार करतो.

विचार करणारी वस्तू म्हणजे कॉम्प्युटर, असं त्याने ठरवलं, आणि कॉम्प्युटर आणायला वरच्या मजल्याची परवानगी लागते. वरच्या मजल्यावरचा साहेब जेवायला गेला होता. तो परत आला तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. "व्हिनी लेंदी," तो म्हणाला. सोमवारी या.

सोमवारी मी बसमध्ये नीट विचार करून गेलो. या वेळी विचाराचं नाव काढायचं नाही. नवा कारकून होता. त्याने विचारलं, हा काय करतो. मी म्हणालो की हा लांबून ऐकतो, आणि हुकूम सोडतो. बोलून झाल्यावर मला वाटलं की मी चांगलं, सोपं उत्तर दिलं. त्याच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं नाही. लांबून ऐकून हुकूम सोडणारी वस्तू म्हणजे बिनतारी यंत्र, आणि त्याला दुसऱ्या इमारतीतला फॉर्म लागतो. त्या फॉर्मवर मला विचारलं होतं की माझ्या यंत्राचा आवाज किती मैलांवर पोहोचतो, आणि मी परदेशातल्या कुणाशी बोलणार आहे. मी लिहिलं, बायकोशी, अंगणापलीकडे. तो फॉर्म परत आला.

तिसऱ्या खेपेला मी शिदोरी घेऊन गेलो. आता उठायचं नाही, असं ठरवूनच बाकावर बसलो. अकराला त्यांनी मला हाक मारली, बाराला पुन्हा, एकला पहिला कारकून जेवून आला आणि थकून म्हणाला, "टोंटों, हा डबा तुम्हाला कशाला हवाय ते तरी सांगा."

"कोंबडीच्या पिल्लांसाठी," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. असं आधी का नाही सांगितलं, म्हणाला. त्याने एक वेगळं रजिस्टर काढलं, त्यात कुक्कुटपालनाचं साहित्य म्हणून नोंद केली, धपकन शिक्का मारला आणि डबा माझ्या हातात ठेवला. त्याच्या मावशीकडे कोंबड्या होत्या. तिच्या कोंबड्या पंख गाळतात त्यावर उपाय काय, हे विचारून घेईपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर मी नवा डबा बसवला. सगळी गल्ली पुन्हा कुंपणाशी. किल्ली फिरवली, दोन बल्ब लख्ख. चंद्रकलाने हीटर लावला. बल्ब पिवळे झाले, इंजिन कण्हून बंद पडलं.

हरिलाल काहीच बोलला नाही. त्याने माणसांना हळूच मागे घेतलं आणि घरी नेलं. इतका अपमान माझा कुणी बोलूनही केला नव्हता.

संध्याकाळी मी शेडमध्ये बसलो होतो. चंद्रकला आली. मला वाटलं की आता ती कढईचं काढणार. तिने ते काढलं नाही. ती म्हणाली, "मी जानेवारीत अंडी लावणार. वीज जाईल की राहील ते मला ठाऊक नाही. इंजिन चालेल की नाही ते तुम्ही बघा." आणि आत गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने हॉटेलवर गेलो आणि चाळीस वर्षांचा मिस्त्री तिशीच्या पोरासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

यशपाल त्या रविवारी आला. तो डब्याकडे गेलाच नाही. त्याने इंजिन सुरू केलं, हीटर लावायला सांगितलं आणि खाली वाकून फक्त तेलाच्या दांडीकडे बघत राहिला. मग इंजिन बंद करून त्याने मला बोलावलं.

विजेची दांडी आणि तिच्या शेजारची लोखंडी पट्टी यांच्याभोवती सत्यदेव गुरुजींचा नाडा बांधलेला होता. सात वेढे, दोन गाठी. सगळ्या तेलकट, कळकट इंजिनावर तेवढीच एक जागा चकचकीत होती, म्हणून गुरुजींना ती पवित्र वाटली. नाडा जरा सैल होता, त्यामुळे दांडी बोटभर हलायची आणि दोन बल्बांपुरतं तेल द्यायची. हीटर लागला की डबा ओरडून सांगायचा, तेल वाढव, तेल वाढव, पण दांडीचा हात देवाच्या धाग्याने बांधलेला. दोन्ही डबे पहिल्या दिवसापासून बरोबर विचार करत होते. त्यातला एक मी तळला होता.

"टोंटों, तुम्हाला दिसला नाही का हा?" यशपालने विचारलं.

दिसत होता. पाच महिने रोज दिसत होता. पण पूजेचा धागा हा इंजिनाचा भाग असतो, असं माझ्या मनात कधी आलंच नाही. माझ्या प्रत्येक लॉरीला नाडा होता, तो स्टिअरिंगला असे. आम्ही त्याला हात लावत नाही, झिजून आपोआप गळेपर्यंत राहू देतो. मी तर मधल्या काळात दांडी पुसताना नाडा ओला होऊ नये म्हणून जपलं होतं.

आता तो कापायचा कोण, हा प्रश्न आला. यशपालने स्क्रूड्रायव्हर काढला तेव्हा माझाच हात पुढे होऊन त्याला अडवून बसला. हरिलाल गुरुजींना सायकलवर बसवून घेऊन आला. गुरुजींनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की मी बांधला तेव्हा ही दांडी हलत नव्हती. मी म्हणालो की तेव्हा इंजिन बंद होतं, गुरुजी. ते म्हणाले की हलणारी वस्तू आहे हे शिष्याने सांगायला हवं होतं. हे मला मान्य करावं लागलं. त्यांनी काहीतरी पुटपुटत गाठी सोडवल्या, नाडा शेडच्या खांबाला बांधला आणि चहा घेऊन गेले.

हीटर लागला, बल्ब क्षणभर डोळे मिचकावल्यासारखे झाले आणि पुन्हा लख्ख झाले. यशपालने पंखा लावला, इस्त्री लावली, काढली. ती विजेची दांडी पुढे-मागे, पुढे-मागे, आमच्या कुणाकडे न बघता आपलं काम करत होती. ज्याला मी डोकं म्हणून नावं ठेवत होतो ते इतकं अबोलपणे राबत होतं की मला जरा वाईट वाटलं.

जानेवारीच्या चौदा तारखेला चंद्रकलाने तीनशे अंडी लावली. अठराव्या दिवशी पहाटे रेडिओने सांगितलं की वादळ आमच्याकडे वळलंय आणि आता धोक्याचा तिसरा इशारा, क्लास तीन, लागलाय. आता याला योगायोग म्हणायचं की काय ते मला ठाऊक नाही. आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकल्या, टिनावर दगड ठेवले, आणि सकाळी सातला वीज गेली. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, कपाट उबदार राहिलं, आणि तीन तास मी या गावातला सगळ्यात समाधानी माणूस होतो.

दहाला शेडचं अर्धं टिन उडून उसाच्या शेतात गेलं. पावसाची एक आडवी चादर आत आली आणि डब्याच्या वायरी जिथे जोडल्या होत्या तिथे पाणी शिरलं. डब्याला काही कळेनासं झालं. त्याने तेल तोडलं आणि इंजिन बंद.

चंद्रकला डोक्यावर गोणपाट घेऊन धावत आली. मी तिला सांगितलं की डबा भिजलाय, सुकेपर्यंत चालणार नाही. किती वेळ, तिने विचारलं. उद्यापर्यंत, मी म्हणालो. कपाट घोंगड्या घालूनही तासा-दीड तासापेक्षा जास्त ऊब धरत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"डबा करतो ते तुम्हाला करता येत नाही का?" तिने विचारलं.

मी विचार केला. डबा वेग बघतो आणि दांडी हलवतो. वेग मला आवाजावरून कळतो, चाळीस वर्षं दुसरं काही ऐकलेलं नव्हतं. दांडी हाताने धरता येते. पण डब्याला जे कळतं ते एका क्षणात कळतं. हीटर अचानक लागला तर मी तेल वाढवेपर्यंत इंजिन बंद पडेल, आणि अचानक निघाला तर मी आवरेपर्यंत ते पळत सुटेल. आणि कपाटातला हीटर थर्मामीटर बघून आपला आपणच लागतो आणि निघतो, तो कुणाला सांगत नाही.

"मग मी लावीन आणि मी काढीन," चंद्रकला म्हणाली. "आधी तुम्हाला सांगून."

मी डब्याच्या वायरी सोडवल्या, विजेची दांडी बाजूला काढली आणि तेलाची दांडी हातात धरली. तिने कपाटाचा आपोआप चालणारा स्विच बाजूला काढून हाताचा लावला आणि थर्मामीटरसमोर स्टूल घेऊन बसली. भिजलेला डबा तिने पदराने पुसला आणि सुकायला कपाटात, अंड्यांच्या शेजारी ठेवला. जी ऊब राखायला त्याला आणलं होतं, तिच्यातच तो जाऊन बसला.

पहिल्यांदा ती खिडकीतून ओरडली, "लावते." वाऱ्यात मला काही ऐकू आलं नाही, आणि इंजिन बंद पडलं. मग तिने थाळी वाजवायची ठरवलं, एकदा वाजवली की लावते, दोनदा वाजवली की काढते. पण वादळात गावभर टिनं वाजत होती. शेजारच्या न्हाणीघराचं टिन दोनदा वाजलं, मी तेल कमी केलं, आणि पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला तिने कपडे वाळत घालायची दोरी आणली. एक टोक खिडकीतून तिच्या हाताला, दुसरं माझ्या डाव्या मनगटाला. एक हिसका, लावते. दोन हिसके, काढते. हिसका आल्यावर मी तेल आधी जरासं वाढवायचं, मनात तीन मोजायचे, आणि तिसऱ्याला ती बटण दाबणार.

पहिला हिसका आला आणि सवयीने माझ्या तोंडून "काय गं?" निघालं. पण हात चालला. बल्ब हलला नाही.

दुपारी बारापर्यंत आमचा ताल जमला. ती थर्मामीटर बघायची, मी आवाज ऐकायचो, मधे एक ओली दोरी. तीन हिसक्यांचा अर्थ ठरलेला नव्हता, पण एकदा तीन आले तेव्हा मी वर पाहिलं, तर खिडकीतून भाकरीची पुरचुंडी दोरीवरून घसरत येत होती. उजव्या हातात दांडी, डाव्याला दोरी, त्यामुळे ती मी दातांनी उघडली.

चारच्या सुमारास हरिलाल वाऱ्यातून वाकत आला. डोक्याला प्लॅस्टिक बांधलेलं. मला वाटलं, आता हा घोंगडी गुंडाळायला सांगणार. त्याने माझ्या मनगटाची दोरी सोडवली, स्वतःच्या हाताला बांधली, दांडी धरली आणि म्हणाला, "भैया, कितीदा ओढली की काय, तेवढं सांग. आता तू जरा बस." त्या दिवशी त्याने एकही सल्ला दिला नाही. चाळीस वर्षं बसची घंटी वाजवून ड्रायव्हरला थांबवणारा माणूस, त्याच्या हाताला दोरीची भाषा माझ्याआधी कळली. आम्ही तास-तास वाटून घेतले. रात्री वारा पडला तेव्हा इंजिनाला विश्रांती देत, पुन्हा चालवत, आम्ही पहाट केली.

सकाळी चंद्रकलाने डबा कपाटातून काढला. कोरडा ठणठणीत. मी वायरी जोडल्या, दांडी बसवली, किल्ली फिरवली. त्याने दाते मोजायला घेतले, जणू काही झालंच नव्हतं. वीज जाऊन चार दिवस झाल्यावर परत आली. त्याच्या आदल्या दिवशी, एकविसाव्या दिवसाच्या दुपारी, कपाटातून पहिला आवाज आला. अगदी बारीक, सुईने काच खरवडल्यासारखा. चंद्रकला कपाटाला कान लावून उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळून रडली. वर्षभर राखून ठेवलेलं रडली. आता समजूत काढायचं काही कारण नव्हतं, म्हणून मीही कपाटाला कान लावला.

दोनशे सव्वीस पिल्लं निघाली. अकरा खुराडी भरली, आणि एक बारावं हरिलालने घाईघाईने बांधलं.

रस्ते मोकळे झाल्यावर यशपाल डबा बघायला आला. शेडपासून खिडकीपर्यंत बांधलेली दोरी बघून त्याने हे काय म्हणून विचारलं. मी वेग, ओझं आणि मनगट यांचा संबंध त्याला सविस्तर समजावून सांगितला. त्याने मधे एकदाही टोंटों म्हटलं नाही, नुसती मान डोलावली. मग त्याने चंद्रकलाला विचारलं की दोघांत चांगला कोण, डबा की टोंटों.

चंद्रकला पदरात पुढची अंडी निवडत होती. तिने प्रश्नाचा नीट विचार केला.

"डबा," ती म्हणाली. "तो ओढल्यावर 'काय गं' म्हणत नाही."

मग ती उठली, नव्या तीनशेंतली पहिली पदरभर अंडी घेऊन कपाटाकडे गेली, आणि जाता जाता दोरी तशीच राहू द्या म्हणाली.